‘उत्प्रेरक’ आणि उसनवार

मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत मळीपासून मद्यार्क करण्याच्या तंत्राचे शिक्षण व संशोधन चालते. सोलापूर रस्त्याने पूर्वेस गेल्यास कुरकुंभला अल्काइल अमाइन्स कंपनीचा कारखाना लागतो. मद्यार्क आणि अमोनिया यांपासून अमाइने करणे हा त्या कंपनीचा व्यवसाय होय. प्रक्रिया अशी दारची आहे. तिचे मराठी वर्णन मात्र सदोष आहे.

स्वतः न बदलता केवळ उपस्थितीने अभिक्रियेचा वेग वाढविणारा तो उत्प्रेरक, अशी आपल्याकडे रूढ व्याख्या आहे. संज्ञाही तिला पोषक ठरते. बर्झेलियसने १८३५ च्या सुमारास योजलेल्या मूळ शब्दाच्या ग्रीक धातूत ‘सुटे करणे’ हा अर्थ आहे; आपण ‘प्रेरणा देणे’ हा अर्थ घेतला. प्रेरणा देणारा काठावर उभा राहू शकतो. धातू तसा राहत नाही.

निकेलवर काय घडते ते पाहावे. धातू मद्यार्काकडून हायड्रोजन काढून घेतो व आल्डिहाइड बनते. त्याचा अमोनियाशी संयोग होऊन पाणी निघून जाते व इमाइन उरते. मग धातू घेतलेला हायड्रोजन इमाइनला देतो. अमाइन सिद्ध होते. या व्यवहारास मराठीत नेमका शब्द आहे : उसनवार. कर्जास व्याज असते. शेजारणीकडून आणलेल्या वाटीभर साखरेस नसते. परतफेड मूळ मद्यार्कास न होता त्याच्या बदललेल्या रूपास होते, एवढी या उपमेची मर्यादा मानावी.

हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. तृतीयक मद्यार्क या मार्गाने का जात नाही, याचे उत्तर रूढ व्याख्या देत नाही. ‘उसनवार’ म्हणताच ते मिळते : ज्या कार्बनाला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असतो, त्यावर उसना देण्यास हायड्रोजनच नसतो.

अर्थात् प्रत्येक उत्प्रेरक उसनवार करतो असे नाही. साबात्ये व माय यांनी १९०९ मध्ये वापरलेल्या थोरियम ऑक्साइडाचा मार्ग निर्जलीकरणाचा आहे. म्हणून ‘उत्प्रेरक’ ही सामान्य संज्ञा राहू द्यावी, ‘हायड्रोजन-उसनवार’ ही विशेष संज्ञा स्वीकारावी आणि व्याख्येतून ‘केवळ उपस्थितीने’ हे शब्द काढून टाकावेत.