सॉसेज, साय आणि साधारणीकरण

मराठी समीक्षेने कादंबरीची चिरफाड केली, नवकवितेचं शवविच्छेदन केलं, लघुकथेचं तर ती जिवंत असतानाच तेरावं उरकलं. पण पाककृती नावाच्या वाङ्मयप्रकाराकडे तिने ढुंकूनही पाहिलेलं नाही. वास्तविक घरात कुठल्याही काव्यसंग्रहापेक्षा पाककृतींची वही जास्त वेळा उघडली जाते. तिच्या पानापानावर हळदीचे डाग असतात. रसिकाची इतकी ठळक दाद किती कवींच्या वाट्याला आली?

इटलीतले साहित्यिक या बाबतीत आपल्यापेक्षा जागरूक. मारिनेत्ती नावाच्या कवीने २८ डिसेंबर १९३० रोजी तुरिनच्या 'गाझेत्ता देल पोपोलो' या दैनिकात जाहीरनामा छापला आणि पास्ता हद्दपार करा, अशी मागणी केली. पास्त्याने माणूस सुस्त होतो, निराश होतो, हा आरोप. पुढे काय झालं? जाहीरनामा वाङ्मयाच्या इतिहासात गेला आणि पास्ता होता तिथेच, ताटात राहिला. समीक्षकाने आपली पायरी ओळखावी ती इथे. एवढी खूणगाठ बांधून 'क्रीमी इटालियन सॉसेज पास्ता' या कृतीकडे वळतो.

आधी शीर्षक. इटलीत सॉसेजला कुणी 'इटालियन सॉसेज' म्हणत नाही. कोल्हापुरात कुणी 'कोल्हापुरी रस्सा द्या' म्हणतं का? तांबडा की पांढरा, एवढंच विचारतात. तिकडे सॉसेजला 'साल्सिच्चा' म्हणतात आणि ती गावागणिक वेगळी. 'इटालियन सॉसेज' हे बारसं अमेरिकेतलं. तिथल्या कृषिखात्याच्या नियमात व्याख्याच दिली आहे: मीठ हवं, मिरी हवी, बडीशेप किंवा तिच्यासारख्याच वासाचं अ‍ॅनिस हवं, आणि चरबी ३५ टक्क्यांच्या वर नको. 'साहित्य' म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या आमच्या संमेलनांना अजून जमलेली नाही.

पण या कृतीची मूळ संहिता शोधत गेलं, की आपण उम्ब्रिया प्रांतातल्या नॉर्चा या डोंगरी गावात पोचतो. डुकराच्या मांसाचे नाना प्रकार करण्यात हे गाव इतकं वाकबगार, की रोममध्येसुद्धा असल्या दुकानाला 'नॉर्चिनेरिया' म्हणतात. आपल्याकडे 'उडपी' म्हटलं की इडलीचं हॉटेल डोळ्यांपुढे येतं, तसंच. तिथल्या 'पास्ता आल्ला नॉर्चिना'त सॉसेज असतं, क्रीम असतं आणि खिसा गरम असेल तर काळी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी एक महागडी अळंबी.

म्हणजे क्रीम आहे बरं का! हे मुद्दाम सांगतो, कारण क्रीमचं नाव काढताच 'खऱ्या इटालियन जेवणात क्रीम नसतंच' म्हणून अंगावर येणारा एक सोवळा पंथ आहे. कार्बोनारा हे त्यांचं आद्यपीठ. त्यात अंडी, पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. पाचवा जिन्नस पडला की विटाळ. पण ऑगस्ट १९५४ च्या 'ला कुचीना इतालियाना' मासिकात छापलेली कार्बोनारा पाहावी. तिच्यात लसूण आहे आणि चक्क स्वित्झर्लंडचं ग्रुयेर चीज आहे! १९८९ मध्ये ग्वाल्तिएरो मार्केझींसारख्या बड्या बल्लवाचार्यांनी तिच्यात क्रीमही घातलं. तात्पर्य, शुद्धतेचं वय पुष्कळदा तिचा कैवार घेणाऱ्या आजीपेक्षा कमी असतं.

म्हणून मी क्रीमवाल्यांच्या दिंडीत सामील झालो असं मात्र समजू नये. छापील कृतीत चार माणसांना ४०० ग्रॅम पेने, ३०० ग्रॅम सॉसेज आणि २०० मिलिलिटर क्रीम असतं. शिवाय 'आवडत असल्यास आणखी' अशी फूस. भट्टनायकाने साधारणीकरण सांगितलं ते रसिकाच्या भावनांचं. क्रीमने ते चवींचं केलं. मिरी, बडीशेप, लसूण, सगळ्यांना एकच मऊ पांढरा सदरा! गद्यात विशेषणं जे करतात तेच स्वयंपाकात क्रीम करतं. नामात दम असला तर एखादं शोभतं. दम नसला की ढीग लागतो.

या कृतीतला नायक सॉसेज. त्याचं वरचं आवरण काढायचं, मांस कुस्करून कढईत पसरायचं आणि खाली लाल होईपर्यंत चमचा आवरायचा. मग कांदा. मग अर्धा पेला व्हाइट वाइन ओतून तळाची खरवड सोडवून घ्यायची. सगळा रस त्या खरवडीत असतो. सॉसेजऐवजी गोव्याचं चोरीस चालेल का, असं काहीजण विचारतात. चालेल, पण ती निराळी कादंबरी. त्यात लाल मिरची आणि माडीचं व्हिनेगर. क्रीमशी त्याची पत्रिका जुळत नाही.

यानंतर छापील कृतीत ते भयंकर वाक्य येतं: 'पास्ता शिजल्यावर पाणी ओतून टाकावे.' आमच्या घरी या कृतीचं प्रकट वाचन चालू असताना सौ. इथेच थांबली.

"ओतून टाकावे? अहो, कट कुणी मोरीत ओततं का?"

"अगं, पास्त्याचं पाणी ते. पुरणाचा कट नव्हे."

"डाळीचा काय नि पिठाचा काय, शिजल्यावर अंगातलं पाण्यातच उतरतं ना? ठेवा बाजूला. आणि फ्रीजमधल्या सायीकडे बघू नका, तिला विरजण लागलंय. क्रीमचा डबा अर्धाच मिळेल. उरलेलं नातीच्या फ्रूट सॅलडला."

साऱ्या समीक्षाशास्त्राने हात टेकावेत अशी ही टिप्पणी. पास्त्यातून सुटलेला स्टार्च पाण्यात उतरतो, आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी चरबी आणि पाणी तोच एकत्र नांदवतो. इटलीतल्या घरांत म्हणूनच १०० ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि १० ग्रॅम मीठ घेतात, पास्ता दोन मिनिटं आधीच काढतात आणि पळीभर पाण्यासकट सॉसमध्ये शिजवून संपवतात. चीज घालायचं ते कढई खाली उतरवून. उकळीत टाकलं तर गोळे होतात.

आमच्याकडे निम्म्या क्रीमवर आणि दोन पळ्या कटावर पास्ता झाला. सॉस प्रत्येक नळीला धरून बसला होता आणि त्यात बडीशेप बडीशेपेच्या आवाजात बोलत होती. माझ्या मते कसोटी ती हीच. पदार्थ कुठल्या गावचा आणि त्याचा दाखला कुठे आहे, हा प्रश्न नंतरचा. परक्याची कृती आपल्या कढईत आणताना तिच्यात फेरफार करायचा हक्क आपल्याला आहे; पण आधी तिचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. सोवळेवाले फेरफार करू देत नाहीत, डबेवाले ऐकून घेत नाहीत.

एकूण अभिप्राय: कृती संग्राह्य. क्रीम निम्मं करावं, कट राखावा, आणि 'पाणी ओतून टाकावे' हे वाक्य संपादकाच्या नजरेतून निसटलं असं समजून आपणच खोडावं. पेन सापडत नसेल तर हळदीचं बोट पुरे.