पंगतीतील रिकामा पाट

इतिहासाने उपेक्षिलेल्या स्त्रियांची कथा रंगभूमीवर आणावयाची म्हणजे प्रेक्षकांस रडविलेच पाहिजे, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. कॅरिल चर्चिल या इंग्रज नाटककर्त्रीने ‘टॉप गर्ल्स’ या नाटकात ती खोटी ठरविली आहे. १९८२ साली लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात आलेल्या या नाटकाचा पहिला प्रवेश म्हणजे एक पंगतच होय. मार्लीन ही नोकरदार स्त्री बढतीच्या आनंदात मेजवानी देते आणि जेवावयास येतात त्या गतकाळातील स्त्रिया. जपानच्या निवृत्त सम्राटाला अर्पण झालेली व पुढे भिक्षुणी बनलेली निजो, पुरुषवेषाने रोमच्या धर्मपीठावर बसल्याची आख्यायिका असलेली जोन, पतीने मुले हिरावून नेली तरी निमूट राहणारी कथेतील ग्रिसेल्डा, अशी ही मंडळी.

प्रत्येकजण आपलीच हकीकत सांगते. दुसरीचे पुरते ऐकून घेण्यास कोणी तयार नाही. त्या गोंधळाने प्रेक्षक हसतो आणि हसता हसताच त्यास उमगते की, सर्वांची फिर्याद एकच आहे. वाढणाऱ्या मुलीच्या तोंडी तर एकही वाक्य नाही! पुढे कळते की, मार्लीनची मुलगीही तिच्या बहिणीनेच वाढविली आहे. दप्तरी नाव लागणे वेगळे आणि साक्ष ऐकली जाणे वेगळे, हे वकिली करणाऱ्यास निराळे सांगावयास नको. नाटकाचे मर्म नेमके येथेच आहे.

या पंगतीत आपल्या भागातील एक पाट मात्र रिकामा दिसतो. बीदरचा किल्ला पाहणाऱ्यास सुलतानांची नावे ऐकावयास मिळतात. परंपरा सांगते की, मंगळवेढ्याच्या शामा गणिकेच्या कन्येस बोलावणे गेले ते बीदरच्याच बादशहाचे. निजोला नकाराची वाटच नव्हती. कान्होपात्रेने नकार दिला आणि पंढरीस विठ्ठलचरणी देह ठेवला. १९३१ साली ना. वि. कुलकर्णी यांच्या संगीत नाटकात बालगंधर्वांनी ही भूमिका केली. त्या स्वरांनी कान्होपात्रा घरोघर पोचली, हे ऋण मोठेच आहे. परंतु तिचा करारी नकार करुणरसात विरघळला. ती पूज्य झाली, दयनीय झाली. बोलती मात्र झाली नाही.

संतांच्या प्रसंगी हास्य म्हणजे विटंबना, असा आक्षेप देवळाच्या ओट्यावरून येईल. त्यास उत्तर परंपरेतच आहे. गोरोबांकडून संतांची डोकी थापटण्याने पारखून घेण्याचा प्रसंग घडविला तो मुक्ताबाईने, आणि कच्चे ठरले साक्षात नामदेव! चांगदेवाचे कोरे पत्र पाहून त्यालाच कोरा म्हणणारीही तीच. तिच्या थट्टेने भक्ती उणावली नाही, अहंकार तेवढा उणावला.

सुषमा देशपांडे यांनी ‘बया दार उघड’ या नाटकात संत स्त्रियांना रंगमंचावर बोलते केले; दार उघडले आहे. आता कान्होपात्रेशेजारी, शरणपरंपरेतील एकाच वचनाने उरलेली गणिका सूळे संकव्वा बसवावी. एकीने मराठीत बोलावे, दुसरीने कन्नडात, आणि बादशहावर दोघींनी मनसोक्त हसावे. असे नाटक लिहिले जाईल तेव्हा त्याचा पहिला प्रयोग आपल्या सीमाभागातील एखाद्या देवळाच्या सभामंडपातच व्हावा, आणि वाढणाऱ्या बायांना त्या दिवशी पुढच्या रांगेत बसवावे.