दळलेला की तिंबलेला?

समीक्षेत ‘थर’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कादंबरीला अर्थाचे थर असतात, कवितेला असतात, प्रदेशालाही असतात. चंद्रपूर-गडचिरोलीविषयी लिहिताना तर हे हमखास होतं: वर जंगल, खाली कोळसा नि लोखंड, वरचं बाजूला सारलं की खरं काय ते हाती लागतं. ही नजर खाणीची आहे. चंद्रपूरच्या उघड्या कोळसाखाणींभोवती ‘ओबी’चे डोंगर उभे असतात. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरचं ‘नको असलेलं’ सगळं. थर उकलणारा समीक्षकही बरंच काही असंच ढिगाऱ्यावर टाकतो.

याच जिल्ह्यात दुसरी एक प्रतिमा उपलब्ध आहे. पोंभुर्णा तालुक्यातल्या ठाणेवासन्याला तांबं सापडलं ते थरात नव्हे, शिअर झोनमध्ये. म्हणजे ग्रॅनाइटी खडकाच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकल्या, तो मधला पट्टा.

खोलवरच्या अशा पट्ट्यांत जो बारीक कणांचा खडक होतो, त्याला चार्ल्स लॅपवर्थने १८८५मध्ये ‘मायलोनाइट’ म्हटलं. शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतलं जातं आहे. खडक दळला गेला, असं त्याचं वाचन. पुढे सूक्ष्मदर्शकाने ते बरंचसं खोडून काढलं. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे क्वार्ट्झ न वितळता, घनरूपातच वाहू लागतं. जुन्या कणांच्या जागी नवे, लहान स्फटिक तयार होतात. हे पीठ नाही, तिंबलेली कणीक आहे. नाव मात्र जात्याचंच राहिलं. मराठीत आपण त्याला ‘दळलेला खडक’ म्हणू लागलो, तर ती चूकही आयती घरात येईल.

याच तापमानाला फेल्डस्पार ताठर राहतो. त्याचे डोळ्यासारखे दाणे उरतात आणि त्यांना दोन्हीकडे शेपट्या फुटतात. शेपट्यांचा कल पाहून पट्ट्याची कुठली बाजू कुठे सरकली ते सांगता येतं. अट एकच: नमुना काढण्यापूर्वी त्यावर दिशा नोंदलेली हवी. ०.०३ मिलिमीटर जाडीचा तो काप उलटा धरला, तर डावं उजवं होतं. चकती तीच, दाणे तेच, निष्कर्ष नेमका उलट.

आपल्याकडे उतारे असेच, दिशा न नोंदता उचलले जातात. ‘जंगल वाचलं पाहिजे’ हे वाक्य एटापल्लीच्या माडिया माणसाचं, वनखात्याचं की सुरजागडच्या लोहखनिजाबद्दल बोलणाऱ्या कंपनीचं, यावर त्याचा अर्थ ठरतो. ते कुणी, कुठे उभं राहून म्हटलं हे पुसून टाकलं, की तिघंही एकच बोलतात असं वाटतं. ही सोय कुणाच्या पथ्यावर पडते, हे सांगायला नको.

थरांच्या वाचनात वरचं काढून टाकता येतं. तिंबलेल्या खडकात तसं काढून टाकण्याजोगं वरचं काही नसतं. सरकण्याची खूण दाण्यादाण्यात असते. या दोन जिल्ह्यांबद्दलचं लेखन तपासताना मला हाच प्रश्न पहिला वाटतो: लेखकाने ओबी म्हणून काय बाजूला टाकलं आहे?