बालकल्याण सेवेतील भाकीत-प्रणाली : अ‍ॅलेघेनी प्रारूपाची नैतिक चिकित्सा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या अ‍ॅलेघेनी काउंटीत, म्हणजे पिट्सबर्ग परिसरात, ऑगस्ट २०१६ मध्ये बालकल्याण विभागाने भाकीत वर्तविणारी संगणकीय प्रणाली स्वीकारली. बालकाची हेळसांड होत असल्याची तक्रार दूरध्वनीवरून आली, की ती चौकशीस घ्यावी किंवा कसे, हे ठरविणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे ही प्रणाली १ ते २० यांमधील गुणांक ठेवते. तुरुंग, मानसोपचार, व्यसनमुक्ती इत्यादी शासकीय नोंदींच्या आधारे ही आकडेमोड होते.

व्हर्जिनिया यूबँक्स यांनी ‘ऑटोमेटिंग इनइक्वॅलिटी’ (२०१८) या ग्रंथात घेतलेला आक्षेप प्रामुख्याने दारिद्र्याशी निगडित आहे. खाजगी विम्यावर मानसोपचार घेणाऱ्या सुखवस्तू मातेची नोंद काउंटीकडे नसते. सरकारी मदतीवर तोच उपचार घेणाऱ्या गरीब मातेची असते. मदत मागणे हीच जोखमीची खूण ठरते. आक्षेप रास्तच आहे. तथापि मूळ दोष त्याहून खोल आहे.

ही प्रणाली भाकीत करते ते बालकाच्या छळाचे नव्हे. छळ बहुधा चार भिंतींआड घडतो, त्याची विश्वसनीय मोजदाद कोणाजवळही नसते. आणि बालमृत्यूंच्या घटना, सुदैवाने, गणितास पुरतील इतक्या नाहीत. म्हणून आरंभी दोन पर्यायी घटना निवडण्यात आल्या : तक्रार फेटाळल्यावर त्याच बालकाविषयी पुन्हा तक्रार येणे, आणि चौकशीस घेतल्यावर दोन वर्षांच्या आत बालकास घरातून हलविले जाणे. पहिली कृती तक्रारदारांची, दुसरी यंत्रणेची व न्यायालयाची. पहिला निकष पुढे वगळण्यात आला. उरला तो यंत्रणेच्याच भावी वर्तनाचा अंदाज, तोही तिच्या पूर्ववर्तनावरून बांधलेला.

काउंटीने टिम डेअर व आयलीन गॅम्ब्रिल यांच्याकडून नैतिक परीक्षण करवून घेतले व ते प्रसिद्धही केले, हा प्रांजळपणा दुर्मीळच म्हणावा लागेल. उपलब्ध साधनांतील सर्वाधिक अचूक साधन वापरण्यास नैतिक हरकत घेणे कठीण आहे, असा त्या परीक्षणाचा रोख होता. पण अचूकता कशाविषयीची, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. मानवी निर्णय पूर्वग्रहदूषित असतो, हा समर्थकांचा युक्तिवादही पूर्णतः टिकत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखविले, की कर्मचाऱ्यांनी गुणांकाशी असहमत होऊन घेतलेल्या निर्णयांमुळे कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय बालकांच्या चौकशीच्या प्रमाणातील तफावत कमी राहिली; केवळ गुणांकावर विसंबले असते, तर ती वाढली असती.

अ‍ॅलेघेनीवरून प्रेरणा घेऊन ऑरेगॉन राज्याने उभारलेले साधन २०२२ मध्ये बंद करण्यात आले. अ‍ॅलेघेनीत मात्र ज्या पालकांच्या घरी चौकशी होते, त्यांना आपला गुणांक सांगितला जात नाही. त्यामुळे त्यातील चुकीची नोंद दाखवून देण्याची वाटही त्यांच्यापाशी उरत नाही.