बर्फ खरा ‘वाटतो’ म्हणजे नक्की काय?

गेल्या सेमिस्टरमध्ये लॅबच्या मीटिंगला मी एक सीन दाखवला. डोंगराळ दरी, देवदारांची रांग, एक लाकडी घर आणि सगळीकडे बर्फ. मी भलताच खूश होतो. ग्रूपमध्ये एक मुलगा किन्नौरचा आहे. तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “छान आहे. पण सूर्य कुठल्या बाजूला आहे तुझ्याकडे?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने समजावलं की त्यांच्याकडे दक्षिणेकडच्या उतारावरचा बर्फ लवकर जातो आणि उत्तरेकडचा टिकतो. माझ्या दरीत दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या. वर देवदाराच्या बुंध्यापाशीही मोकळ्या जागेइतकाच जाड थर. फांद्यांनी अडवलेला बर्फ खाली कसा पोचला, हे त्याला विचारायचं होतं.

मी काय केलं होतं ते सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे जण हेच करणार आहेत. पृष्ठभाग किती आडवा आहे आणि किती उंचीवर आहे, एवढं तपासायचं. आडवा आणि उंच असेल तर पांढरा रंग लावायचा, कडेला थोडा नॉइज टाकायचा. गेममध्ये हे सर्रास चालतं आणि वाईटही दिसत नाही. पण मी प्रकरणात लिहून बसलो होतो की ‘ही पद्धत नैसर्गिक बर्फ निर्माण करते’. नैसर्गिक, कोणाच्या मते? माझ्या. मी वाढलो सोलापूरला. आमच्याकडे आकाशातून पडलेलं गोठलेलं पाणी म्हणजे गारा, आणि ‘बर्फ’ म्हणजे गोळ्यावाल्याकडचा. मराठीत दोघांना एकच शब्द आहे, त्यातच माझी गोची आहे.

म्हणून मी या विषयातले दोन गाजलेले पेपर पुन्हा वाचायला घेतले. या वेळी ‘कसं केलं’ हे बाजूला ठेवून ‘खरं वाटतं हे कशावरून म्हणतात’ हे शोधत.

पहिला पॉल फियरिंगचा, सिग्राफ 2000 मधला, पडलेल्या बर्फाच्या मॉडेलिंगवरचा. यातली मुख्य कल्पना मला अजूनही भारी वाटते. आपल्या डोक्यात बर्फ वरून खाली पडतो. फियरिंग कण खालून वर सोडतो. प्रत्येक पृष्ठभागावरून कण आकाशाकडे निघतात, वाटेत थोडे भरकटतात, आणि त्यातले किती आकाशापर्यंत पोचले यावरून त्या जागेवर किती बर्फ साठेल ते ठरतं. उलटं का? कारण वरून सोडले तर बहुतेक कण नको तिथे पडून वाया जातात. खालून सोडले की जिथे तपशील हवा तिथेच मेहनत घेता येते. शिवाय बाकाखाली, छपराच्या कडेखाली थर एकदम संपत नाही, हळूहळू विरळ होत जातो. माझ्या देवदाराखालची चूक इथे झालीच नसती.

दुसरा टप्पा स्थिरतेचा. धान्याची रास ओतली की तिचा उतार एका कोनापेक्षा उभा राहत नाही, दाणे घरंगळतात. फियरिंग साठलेल्या बर्फाला तसंच तपासतो. जास्त उभा झाला तर शेजारच्या जागेवर सरकवतो, तिथून कडेवरून खाली पडला तर खालच्या थरात मिळवतो. सरळ, समजेल असं.

आता टीका. या बर्फाला वय नाही. तो पडतो, सरकतो, थांबतो. खरा बर्फ पडल्या क्षणापासून बदलत असतो. दबतो, कण एकमेकांना चिकटतात, दुपारी वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. किन्नौरच्या पोराचा सूर्याचा प्रश्न या पद्धतीला विचारताच येत नाही. तो पेपरचा दोष नाही. पेपर ‘पडलेला बर्फ’ म्हणतो आणि तेवढंच करतो. चूक माझ्यासारख्याची, जो त्याचा संदर्भ देऊन ‘हिवाळ्यातलं निसर्गदृश्य’ म्हणतो. आणि दावा तोलताना हेही लक्षात ठेवा की पेपरचा मुख्य पुरावा म्हणजे चित्रं. चित्र बघून मान डोलावणारा कोण, हा प्रश्न उरतोच.

दुसरा पेपर 2013 चा. स्टोमाखिन आणि सहकाऱ्यांचा, डिस्नेच्या ‘फ्रोझन’मागचा म्हणून तुम्हाला माहीत असेल. इथे बर्फ साठत नाही, हलतो. मटेरियल पॉइंट मेथड वापरली आहे. वस्तुमान, वेग आणि आकार किती बिघडला ही माहिती कण वाहून नेतात. बलांचा हिशेब मात्र मागच्या ग्रिडवर होतो आणि उत्तर पुन्हा कणांकडे येतं. त्यामुळे एकच पदार्थ ढेकळासारखा उभाही राहतो आणि फुटून वाहतोही. बर्फ कधी कायमचा बिघडतो, हे ठरवायला दोन मर्यादा आहेत. दाबण्याची मूळ किंमत 2.5 टक्के, ताणण्याची 0.75 टक्के. त्या कमी ठेवल्या की भुसभुशीत, वाढवल्या की ढेकळं. ॲनिमेशन करणाऱ्याला याहून काय पाहिजे!

पण याच पेपरने मला तोंडावर पाडलं. त्यात सुरुवातीची घनता दिली आहे, घनमीटरला 400 किलो. मी ती उचलली आणि माझ्या देवदारांच्या फांद्यांवरचं वजन काढायला वापरली. 30 सेंटिमीटर थर, म्हणजे चौरस मीटरला 120 किलो. फांद्या पार जमिनीला टेकल्या. मी काय करावं? फांद्यांचं लाकूडच जास्त ताठ केलं. चित्र मस्त आलं. तेच मीटिंगला दाखवलेलं.

ताजा कोरडा बर्फ साधारण 50 ते 150 किलोच्या घरात असतो. 100 धरला तर तोच थर 30 किलोचा. 400 म्हणजे चांगला दबलेला बर्फ. आणि हे पेपरने लपवलेलं नाही. सारांशातच म्हटलंय की रोख ओल्या किंवा दाट बर्फावर आहे. मर्यादांमध्ये हवेशी होणारी क्रिया धरली नसल्याचंही सांगितलंय, म्हणजे उडणारा भुरभुरीत बर्फ यात बसत नाही. मी सारांश कमीत कमी दहा वेळा वाचला असेल. विशेषणं सोडून.

एका चुकीवर दुसरी चूक चढवून बरोबर चित्र मिळतं, हे मला यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. चित्र बघून कोणालाच हे पकडता आलं नसतं. किन्नौरच्या मुलालाही नाही, त्याने फांद्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मग ही पद्धत नुसती दिसण्यापुरती का? तसंही नाही. योहान गोम नावाचा हिमस्खलनाचा अभ्यासक फ्रोझन बघून इतका प्रभावित झाला की त्याने डिस्नेच्या लोकांकडून कोड मागवला. 2018 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी, ज्यात 2013 च्या पेपरमधला टेरनही होता, बर्फाच्या थरात भेग कशी पसरते यावर ही पद्धत वापरली. 2021 मध्ये गोम आणि पुझरिन यांनी 1959 च्या द्यातलोव्ह खिंडीतल्या नऊ जणांच्या मृत्यूमागे हिमस्खलन असू शकतं का, हे तपासलं. बातम्यांमध्ये याचं ‘डिस्नेने रहस्य उलगडलं’ असं झालं. 2018 चा पेपर उघडून बघा. कण आणि ग्रिडचा सांगाडा तोच, पण बर्फ कधी तुटतो याचा नियम बदललेला आहे. त्यांना कोसळणारा कमकुवत थर हवा होता, तो चित्रपटाच्या नियमात नव्हता. आणि निकाल प्रयोगांतल्या मोजमापांशी ताडून पाहिलाय. तिथे ‘खरं’ म्हणजे काय, हे मोजून सांगता येतं.

माझ्या कामाला तसं मोजमाप लागेलच असं नाही. मला चित्रच हवंय. गाईड मॅडम म्हणाल्या, “मग चित्राचीच कसोटी सांग, पण आधी सांग, चित्र काढल्यावर नको.” म्हणून आता प्रकरणातलं ते वाक्य काढलंय. त्याजागी लिहिलंय की थराची जाडी झाडाखाली आणि मोकळ्यावर किती वेगळी आहे, उत्तर आणि दक्षिण उतारावर किती, हे फोटोंशी ताडलं आहे. घनता 100 केली, लाकूड पुन्हा मूळ ताठपणावर आणलं. फांद्या आता थोड्याशाच वाकतात. पहिल्या चित्राइतकं नाट्य त्यात नाही, खरं सांगायचं तर मला पहिलंच जास्त आवडायचं.

रंगाचं राहिलं. ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशातला 80 ते 90 टक्के परत पाठवतो, त्यामुळे शंभर टक्के पांढरा ठेवू नका, सगळा तपशील धुऊन जातो. आणि सावल्या निळसर असू द्या, तिथे उजेड आकाशाचा असतो. यावर पुढे कधीतरी स्वतंत्र लिहीन. सध्या फोटो गोळा करतोय. किन्नौरचा मित्र सुट्टीला घरी गेलाय, त्याला यादी दिली आहे. त्याने परत विचारलं, “बुंध्यापासून किती अंतरावर मोजू?” हे मला सुचलंच नव्हतं.