मूकपटांतील इतिहास आणि शत्रूचे रूप

राष्ट्राचा इतिहास सांगताना शत्रू कोण, हे मूकपटाला मुख्यतः चेहरा व वेष यांवरूनच दाखवावे लागे. या मर्यादेचा अत्यंत विघातक उपयोग ग्रिफिथ यांच्या ‘बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) या अमेरिकन चित्रपटात झाला. त्यात यादवी युद्धानंतरचा कृष्णवर्णीय समाज राष्ट्राचा वैरी ठरविला गेला आणि त्या समाजातील प्रमुख पात्रे चेहऱ्यास काळा रंग लावलेल्या गोऱ्या नटांनी रंगविली. तेथे सत्ताधारी वंश स्वतःचा इतिहास सांगत होता. मराठी मूकपट जित समाजाचा होता. त्याची अडचण निराळी होती.

१९१८ च्या कायद्यानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षणमंडळे स्थापन झाली. ब्रिटिश अधिकाऱ्यांना हीन स्वरूपात दाखविणे निषिद्ध मानले गेले. पाश्चात्त्य चित्रपटांमुळे गोऱ्यांची प्रतिष्ठा खालावते काय, हा प्रश्न १९२७ मध्ये नेमलेल्या रंगाचारियर समितीपुढेही होता. अशा परिस्थितीत राष्ट्रभावनेने शिवकालाचा आश्रय घेतला, हे स्वाभाविकच होय. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३) व शांताराम यांचा ‘उदयकाल’ (१९३०) ही त्याची ठळक उदाहरणे होत. ‘उदयकाल’चे ‘स्वराज्याचे तोरण’ हे मूळ नाव परीक्षकांच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. मोगलांच्या आडून रोख कोणावर आहे, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

ही रीत रंगभूमीची. खाडिलकरांचा कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षक जाणून होते. म्हणूनच १९१० मध्ये ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांची नाटकेही याच राष्ट्रीय परंपरेतील. परंतु नाटकातील सूचना शब्दांत वसते. मूकपटात शब्द पाट्यांपुरता उरतो. प्रसंग सरला की रूपक विरते, वेष मात्र शिल्लक राहतो. ज्याच्या आडून इंग्रजावर प्रहार करावयाचा, तोच मोगल अखेर एकमेव शत्रू म्हणून मनावर ठसतो. या कथनपद्धतीचा हा मूलभूत दोष होय.

इतिहास अशा सोप्या विभागणीस अनुकूल नाही. सिंहगडचा मोगल किल्लेदार उदयभान हा राजपूत होता. वऱ्हाडातील गाविलगडाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. हा किल्ला बहामनी सुलतानाने बांधला. त्याची पुनर्बांधणी करणारा इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा मूळच्या कानडी हिंदू घराण्यातील. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत मराठ्यांचा पराभव झाला, आणि १५ डिसेंबर रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड घेतला. नागपूरकर भोसल्यांसाठी तो लढविताना पडलेला किल्लेदार बेनीसिंगही राजपूतच. येथे शत्रू गोरा होता. म्हणूनच हा वेढा परीक्षणाच्या नियमांत पडद्यावर येणे अशक्यप्राय होते. सिंहगड दाखविता येई, गाविलगड नव्हे.

यास्तव मराठी मूकपटास ग्रिफिथच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. त्याने वंशद्वेषाचे तत्त्वज्ञान मांडले नाही. दडपशाहीतून वाट काढली. परंतु त्या वाटेवर चढविलेला मुखवटा म्हणजे इतिहासाचा खरा चेहरा नव्हे. या चित्रपटांचे मूल्यमापन करताना त्यांत काय दाखविले याबरोबरच काय दाखविण्यास मनाई होती, याचाही विचार झाला पाहिजे.