ट्रंकेतलं बोचकं

बंगळूरच्या आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमागच्या खोलीत खुर्च्यांच्या थप्पीशेजारी जी हिरवी पत्र्याची ट्रंक आहे, तिची कहाणी जुन्या सभासदांना नव्यानं सांगायला नको. यंदा गणपतीच्या सजावटीचं सामान ठेवायला जागा हवी होती, तेव्हा ती हलवायचा विषय निघाला. एका तरुण सभासदानं सहज विचारलं, "हिच्यात चिंध्याच आहेत ना?" त्याच दिवशी ठरवलं, या वर्षी स्मरणिकेत बाळंतविड्यावर लिहायचं.

चिंध्याच आहेत. डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीवरचं ब्लाउज शिवून उरलेली वीतभर पट्टी, सासूबाईंच्या विटक्या नऊवारीचा पदर, मुलाच्या शाळेच्या शर्टाची बाही, चिकपेटेतून आणलेल्या खणाचा कोपरा. बदली झाली, घरं बदलली, अर्धं सामान वाटून टाकलं, पण आपल्या बायकांनी हे बोचकं टाकलं नाही. आपल्यातल्या कुणाकडे पाळणा हलला, की त्यातूनच झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि कुंची शिवून बाळंतविडा जायचा. गावाकडे हे काम आजीचं, मावशीचं, आत्याचं. बंगळूरला त्या नव्हत्या, म्हणून मंडळच आत्या झालं.

या शिवणाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण ते पक्के आहेत. बाळाच्या अंगाला पहिलं लागायचं ते जुनं कापड. धुऊन धुऊन त्याची खळ गेलेली असते, ते टोचत नाही आणि ओल चटकन टिपतं. बटण लावायचं नाही, बंद लावायचे. दुपट्याला धावदोरा घालताना गाठ दोन थरांच्या मध्ये लपवायची. जयनगरच्या काकू गाठ बोटानं नव्हे, गालानं तपासतात. गेली बावीस वर्षं दर दुसऱ्या शनिवारी त्या ट्रंक उघडून बसतात. पाऊस असो, रस्ते तुंबलेले असोत, काकू हजर. राजाजीनगरच्या वहिनींचंही तसंच. चिकपेटेतल्या भावसार आणि नामदेव शिंपी मंडळींच्या दुकानांतून त्या कटपीस मागून आणतात आणि बसमधून मांडीवर घेऊन येतात. या दोघींसारखी माणसं अख्ख्या कर्नाटकात शोधून सापडायची नाहीत, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते.

पण लिहायचं आहे ते मुख्यतः मल्लेश्वरमच्या आजींबद्दल. तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गाण्यांचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि आजी म्हणाल्या, "मी कुंची शिवून दाखवते." नाटकाच्या स्टेजवर एक पाट, एक सुई, एक गुळेदगुड्डचा खण. चौऱ्याऐंशी वर्षांचे हात. त्यांनी खणाची मधोमध घडी घातली. एक काठ बाळाच्या चेहऱ्याभोवती महिरपीसारखा येईल असा पुढे ठेवला, मागचा काठ घडीपासून मानेपर्यंत शिवत नेला. मानेशी इतक्या बारीक चुण्या घेतल्या, की पहिल्या रांगेतल्या आम्ही बायका नकळत पुढे सरकलो. आतून अस्तर यजमानांच्या जुन्या धोतराचं. यजमान जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्यांनी ते सांगितलं आणि दोरा दातानं तोडला, एवढंच.

मागे बसलेल्या आमच्या शेजारच्या कन्नड बाई उठून म्हणाल्या, "आमच्याकडे हिला कुंचिगे म्हणतात, टोपड्याला कुलावी." आजी हसून म्हणाल्या, "म्हणजे खण तुमचा आणि कुंचीही तुमचीच की!" गुळेदगुड्ड बागलकोट जिल्ह्यात, आपल्या इरकलीचं इळकलही तिथलंच. आपण परमुलुखात येऊन आपली कला जपली असं म्हणतो खरं, पण तिचं कापड पहिल्यापासून याच मातीतलं होतं. पाऊण तासानं ती कुंची एका तीन महिन्यांच्या मुलीला घातली. ती झोपेतच होती. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकही टाळी वाजली नाही.

आता जे खुपतं तेही लिहिते. दोन वर्षांपासून आपण बाळंतविड्याच्या ऑर्डरी घेतो. मागणी एकसारख्या रंगाच्या सेटची येते, म्हणून आपण नवं कापड आणतो, त्याचे चौकोन कापतो आणि जोडून तुकड्यांचं काम केल्यासारखं दाखवतो. बंदाच्या जागी वेलक्रो, सुती अस्तराच्या जागी सॅटिन. मशीनला माझी मुळीच ना नाही. शिलाई मशीनची असली तरी माया कमी होत नाही. पण चांगलं अखंड कापड कापून त्याची ठिगळं करायची, याला काय म्हणावं? हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात आणि चारही कोपऱ्यांना रंगीत घड्यांचं फूल लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. त्यांच्या कवंद्या पार न्यूयॉर्कच्या प्रदर्शनापर्यंत गेल्या, त्या घरातल्याच कापडाच्या होत्या.

मुलींना वेळ नाही, हे मला कळतं. आयटीतली नोकरी, दीड-दीड तासाचा प्रवास, घरी लहान मूल. पण ब्लाउज शिवून आलं की शिंप्याकडून उरलेलं कापड मागून घ्यायला किती वेळ लागतो? ते शिवू नका हवं तर. ट्रंकेत आणून टाका. शिवायला आम्ही आहोत, निदान आणखी काही वर्षं.

मल्लेश्वरमच्या आजी गेल्या श्रावणात गेल्या. त्यांच्या सुनेनं महिन्याभरानं एक पिशवी आणून दिली. तिच्यात त्याच धोतराचा उरलेला तुकडा आहे, दोन कुंच्यांच्या अस्तराला पुरेल एवढा. काकूंनी तो धुऊन, घडी घालून ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवला आहे. जानेवारीत आपल्या व्हाइटफील्डच्या सभासदांकडे बाळ येतंय.